पेन्सिलीच्या रंगाची शाई

प्रमुख : चार झाल्या. या चार वह्या बिनघोर टेबलावर ठेवता येतील. विशेषतः ही, मांजराची. बाई, खरं सांगतो, वाचताना माझा घसा दाटून आला.

बाई : कुठलं मांजर?

प्रमुख : अहो, हिच्या घरचं. ते आजारी पडतं, त्याला कुशीत घेऊन बसल्या बसल्या हिला जाणवतं, की आपण आईशी कित्येक महिन्यांत धड बोललेलोच नाही. कुठून कुठे गेलीय बघा पोरगी! आणि खाली तुम्ही विचारलंयत, 'कुणाच्या बाजूने पाहिलं?' बस्स. एवढंच. याला म्हणतात शिकवणं.

बाई : असेल.

प्रमुख : असेल काय? नऊ मार्क तुम्हीच दिलेत.

बाई : माझा चहा गार झाला. तुला मागवू का?

प्रमुख : नको. एक वही राहिलीय, तेवढी बघून घेतो. कमिटीने पाच रोल नंबर कळवलेत, त्यांनीच चिठ्ठ्या टाकून काढलेत. ही पाचवी. उद्या अकराला ती तिघं येणार, पाच वह्या चाळणार, 'विद्यार्थ्यांतील सर्जनशीलता व चिंतनशील विचार' या रकान्यात बरोबरची खूण करणार, की तुमचं लेखन-केंद्र मंजूर.

बाई : माझं म्हणू नकोस. निवृत्तीला चार महिने राहिलेत आणि तू माझ्या गळ्यात केंद्र अडकवतोयस.

प्रमुख : मग कुणाच्या अडकवू? ही वही सुरू कुणी केली? ग्रंथालयामागच्या त्या ओल आलेल्या खोलीत आम्ही अठरा जण बसायचो. दर शुक्रवारी एक पान. विषय नाही, मार्क नाहीत. आणि सोमवारी वही परत यायची तेव्हा खाली पेन्सिलीने तुमचा एक प्रश्न. मी अजून विसरलेलो नाही. 'उत्तर घाईत आलंय. परत प्रश्नाकडे जाशील?' वीस वर्षं झाली बाई. अजून कधी घाईत सही करायला गेलो की हात थांबतो.

बाई : तू शंकासुर होतास. तुझ्या एका पानाला मला एक अख्खा रविवार लागायचा.

प्रमुख : तेच म्हणतोय मी. ते सगळ्यांना मिळावं म्हणून तर... थांबा हं. हे काय आहे?

बाई : काय झालं?

प्रमुख : 'माझे वडील लिफ्ट चालवतात. नऊ मजल्यांच्या इमारतीत.' हे पहिल्या आठवड्याचं पान. हे दुसऱ्या आठवड्याचं. 'माझे वडील लिफ्ट चालवतात. नऊ मजल्यांच्या इमारतीत.' तिसरा आठवडा. 'माझे वडील लिफ्ट...' बाई, चौथाही तोच!

बाई : बघू.

प्रमुख : चौदाच्या चौदा पानांवर लिफ्ट! आणि प्रत्येक पानाखाली तुमचा प्रश्न. हे तुमच्या लक्षात कसं नाही आलं?

बाई : नाही आलं.

प्रमुख : चौदा वेळा?

बाई : मी वाचत नाही रे.

प्रमुख : ही वही?

बाई : कुठलीच. दोन वर्षं होत आली.

प्रमुख : काहीतरीच काय.

बाई : शुक्रवारी गठ्ठे येतात. शनिवारी मी शिक्के मारते. पहिल्या वहीवर पहिला प्रश्न, दुसरीवर दुसरा, सात झाले की परत पहिला. शेजारीशेजारी बसणाऱ्यांना एकच प्रश्न जाऊ नये, एवढी काळजी घेते. दोनशे सोळा वह्या, पाऊण तास. उजवा हात दुखायला लागला की डाव्याने.

प्रमुख : बाई, ते शिक्के मी तुमचे लिहायचे कष्ट वाचावेत म्हणून करून आणले होते.

बाई : माहीत आहे. प्रेमाने आणलेस. माझ्या जुन्या वह्यांमधून सात प्रश्न निवडलेस, माझ्याच अक्षरात शिक्के बनवून घेतलेस, आणि शाईसुद्धा पेन्सिलीच्या रंगाची. तुझा मला राग नाही आला. उलट बरंच वाटलं. ते बरं वाटलं, तिथेच घोडं अडलं.

प्रमुख : पण लिहायचं नाही म्हणजे वाचायचंही नाही, असं कुठे ठरलं होतं?

बाई : ठरलं नव्हतं. पहिले काही आठवडे वाचल्या. सगळ्या वाचल्या. तेव्हा तुम्ही नुकतेच दहा मार्क ठेवले होतेत आणि दर आठवड्याचा विषय छापून दिला होतात. सहाव्या आठवड्याचा विषय 'माझी एक चूक'. दोनशे सोळा मुलांची चूक एकच. मोबाइल फार बघतो. दोनशे सोळा जणांना एकाच शुक्रवारी पश्चात्ताप झाला आणि सोमवारपासून सगळेजण सुधारणार होते. एका पोराने मित्राची वही जशीच्या तशी उतरवली होती, मित्राचं नाव बदलायचं राहिलं. मी कुणाला रागावले नाही. म्हटलं, त्यांनी पाट्या टाकल्या, आपणही टाकू.

प्रमुख : मला सांगायचंत.

बाई : काय सांगणार होते? तू सभेत उभा राहून माझं कौतुक करत होतास. दर वेळी. लोक टाळ्या वाजवायचे. मी आपली खाली मान घालून बसायचे, तर सगळ्यांना वाटायचं, बाई किती साध्या आहेत.

प्रमुख : मग हे मार्क?

बाई : वहीला कव्हर असेल तर नऊ. नसेल तर सात.

प्रमुख : देवा.

बाई : हिच्या वहीला कव्हर नाही.

प्रमुख : बाई, हे या खोलीबाहेर जाता कामा नये. आत्ता वाजलेत सव्वातीन. नंतर काय ते आपण निवांत बोलू, भांडू, तुम्ही मला दोन थोबाडीत मारा हवं तर. पण उद्या कमिटीने ही वही उघडली तर तुम्हीच नाही, मीही तोंडघशी पडतो. सगळा विभाग पडतो... हॅलो, ग्रंथालय? एकशे बारा नंबरची मुलगी तिकडे बसलीय का? हो, तीच, कायम खिडकीपाशी असते ती. पाठवा जरा इकडे. लगेच.

बाई : तिला कशाला?

प्रमुख : नवी वही देतो. दोन तासांत चौदा पानं होतील. तुम्ही शिक्के मारा आणि विषय संपवा.

बाई : आणि ती का लिहील?

प्रमुख : चौदा वेळा तेच पान लिहिणाऱ्या मुलीला विचारायची सोय आहे का? लिहावंच लागेल. नाहीतर मला नियमाने शून्य टाकावं लागेल तिला. आणि या विषयात शून्य म्हणजे वर्ष गेलं.

बाई : वर्ष तिचं जाणार. न वाचता सात मार्क देणारीचं काय?

प्रमुख : आत्ता नको ना बाई.

मुलगी : येऊ का आत?

प्रमुख : ये. अशी या टेबलापाशी उभी राहा. ही वही तुझी?

मुलगी : हो सर.

प्रमुख : काय केलंयस हे?

मुलगी : लिहिलंय.

प्रमुख : एकच पान चौदा वेळा लिहिलंयस.

मुलगी : एकच नाहीये सर.

प्रमुख : मला वाचता येतं.

मुलगी : हो सर.

प्रमुख : हे बघ, मी रागावलेलो नाही. उद्या बाहेरची माणसं येणार आहेत, त्यांना ही वही दाखवायचीय. आणि ही दाखवता येणार नाही. ही नवी वही घे, बस ग्रंथालयात, आणि चौदा पानं लिहून दे. विषयांचा छापील कागद आहे ना तुझ्याकडे?

मुलगी : पाठ आहे. किती वाजेपर्यंत?

प्रमुख : साडेपाच.

मुलगी : तारखा शुक्रवारच्याच टाकायच्या ना?

प्रमुख : अं... हो.

मुलगी : दोन पेनं लागतील. चौदाही पानं एकाच शाईत असली की एका बैठकीत लिहिलेली दिसतात. आणि मधलं एखादं पान जरा वाईट लिहिते. आजारी होते म्हणून उरकलं असं. सगळीच चांगली असली की संशय येतो.

प्रमुख : तुला बरीच माहिती दिसतेय.

मुलगी : वर्गातल्या चौघींच्या वह्या मीच लिहिते सर. त्यांना नऊ-नऊ आहेत.

बाई : मांजर?

मुलगी : काय मॅडम?

बाई : आजारी मांजर, आणि आईशी बोलायचं राहून गेलेली मुलगी. ती वही?

मुलगी : ती मीच लिहिलीय. तिच्याकडे मांजर नाहीये. आई आहे, पण त्या दोघी चांगल्या बोलतात.

प्रमुख : घ्या. इथे माझा घसा दाटला होता.

मुलगी : थँक्यू सर.

प्रमुख : थँक्यू काय, थँक्यू? इतकं लिहिता येतं, मग स्वतःच्या वहीत ही लिफ्ट चौदा वेळा वर-खाली कशाला केलीस?

बाई : जरा गप्प बसा दोघं. मी वाचतेय.

प्रमुख : बाई, वेळ जातोय.

बाई : जाऊ दे. 'माझे वडील लिफ्ट चालवतात. नऊ मजल्यांच्या इमारतीत. दिवसभर स्टुलावर बसून लोकांना त्यांच्यात्यांच्या मजल्यावर सोडतात. लिफ्टला बटणं आहेत. ती कुणालाही दाबता येतात, तरी दाबायला माणूस ठेवलाय. संध्याकाळी घरी आले की ते फार बोलत नाहीत. मला त्यांच्या कामाची लाज वाटते.'

प्रमुख : हो, आणि दुसरंही हेच आहे.

बाई : तू शेवटपर्यंत वाचलंस?

प्रमुख : सुरुवात तीच आहे म्हटल्यावर...

बाई : तूही शनिवारी बसत जा माझ्याबरोबर. पहिल्या पानाखाली शिक्का आहे, 'असं का वाटतं?' आणि दुसरं पान, सगळं तेच, फक्त शेवट ऐक. 'मला त्यांच्या कामाची लाज वाटते, कारण ते काम कुणालाही करता येईल.' खाली शिक्का, 'नेमकं काय दिसलं?'

मुलगी : मला तेव्हा काहीच दिसलेलं नव्हतं. मी लहान असताना एकदा गेले होते, तेवढंच.

बाई : तिसरं. '...तरी दाबायला माणूस ठेवलाय. मी काल जाऊन पाहिलं. अर्धा तास लिफ्टच्या कोपऱ्यात उभी राहिले. बाबा कुणालाच मजला विचारत नाहीत. माणूस आत आला की त्याच्याकडे बघून बटण दाबतात. एका माणसाने मान खाली घातली होती. बाबांनी त्याला त्याच्या मजल्यावर न नेता सरळ गच्चीपर्यंत नेलं, मिनिटभर दार उघडं ठेवलं, मग खाली आणून सोडलं.'

प्रमुख : हे तिसऱ्या पानावर आहे?

बाई : तिसऱ्या. आणि खाली मी काय मारलंय, 'इथे घाई झाली का?'

मुलगी : तो प्रश्न नीट बसला नाही तिथे. पण मग वाटलं, झालीही असेल. अर्धाच तास होते मी.

बाई : तुला कळलं होतं? की हा शिक्का आहे?

मुलगी : तिसऱ्याच आठवड्यात. मला त्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं एक वाक्य खोडायचं होतं, रबर घेतलं, तर ते तुमच्या प्रश्नावरूनही फिरलं. पेन्सिल असती तर पुसट झाली असती. ते तसंच राहिलं. मग मागच्या पानांवरचे प्रश्नही खोडून बघितले. मग मैत्रिणींच्या वह्या.

प्रमुख : आणि तू गप्प बसलीस?

मुलगी : कुणाला सांगणार सर? मॅडमना सांगायचं, की मॅडम तुम्ही वाचत नाही?

बाई : मग लिहिणं का नाही थांबवलंस?

मुलगी : दुसरं-तिसरं पान तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिलं, शिक्का कळल्यावर तुम्हाला पकडायला लिहू लागले. खोटं कशाला बोलू. म्हटलं, तेच पान देत राहू, बघू कधी लक्षात येतं. सरळ उतरवून काढायचं, दहा मिनिटांत काम. पण उतरवताना तो प्रश्न समोर असायचा ना. शिक्का तर शिक्का. विचारलं तर आहेच. मग शेवटची दोन वाक्यं बदलावीशी वाटायची. पाचव्या आठवड्यानंतर पकडायचं विसरले.

बाई : पाचव्यात शिक्का होता, 'याच्या उलट असेल तर?'

मुलगी : हो.

बाई : आणि सहावं पान. 'उलट असेल तर बाबांना माझी लाज वाटत असेल. मी इतकी शिकले आणि मला एकाही माणसाचा मजला ओळखता येत नाही.'

प्रमुख : बाई.

बाई : काय?

प्रमुख : काही नाही. वाचा.

बाई : वाचतेच आहे. चष्मा पुसू दे जरा. हे नववं... या पानावर लिफ्ट संपली की खाली वेगळं काहीतरी लिहिलंयस. बारीक अक्षरात.

मुलगी : ते सोडून द्या मॅडम.

बाई : 'मॅडम, तुम्ही हे वाचता का?'

प्रमुख : आणि खाली?

बाई : खाली मी शिक्का मारलाय. 'हे कुणाला विचारून पाहिलं?'

प्रमुख : अरे देवा.

मुलगी : मी आधी खूप चिडले. बसमध्ये वही उघडली होती, तिथेच रडायला आलं. मग घरी जाईपर्यंत वाटलं, खरंच आहे की. बाबांबद्दल नऊ पानं लिहिली आणि बाबांना एक अक्षर विचारलं नाही. मी त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगत होते. आणि तुम्ही तर ऐकतही नव्हता.

बाई : बाळ, मी...

मुलगी : नाही मॅडम, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. बाकीचे प्राध्यापक प्रश्नसुद्धा विचारत नाहीत.

बाई : हे तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस. त्याने आणखीच लागलं. बटण दाबायला ठेवलेला माणूस निदान समोरच्याकडे बघून दाबतो गं. मी तेवढंही केलं नाही.

प्रमुख : बाई, एक मिनिट. ऐका माझं. आपण उगाच रडतोय. ही वही दडवायची कशाला? हीच ठेवायची! मांजर गेलं खड्ड्यात. अहो, दर आठवड्याला एक प्रश्न आणि त्याच पानावर तो विचार कसा पुढे सरकतो, याच्याइतका दुसरा पुरावा कमिटीला मिळणार नाही. शाई पेन्सिलीसारखीच दिसते, तिथे कुणी रबर घेऊन बसणार नाही. फक्त ते नववं पान... ती एक ओळ... त्यावर कागदाची बारीक पट्टी चिकटवू. किंवा दोन पानं एकमेकांना चिकटवून टाकू, गोंद सांडला म्हणून.

बाई : बोलून झालं?

प्रमुख : मला कळतंय कसं वाटतंय ते. पण केंद्र झालं तर तीस-तीस मुलांचे गट करता येतील, तीन माणसं नेमता येतील. मग वाचायला वेळ मिळेल. वाचता यावं म्हणूनच तर धडपडतोय मी!

बाई : तू खोटं बोलत नाहीयेस, हीच पंचाईत आहे. हिला विचार.

प्रमुख : हिला? तिचं कौतुकच होणार आहे. काय गं, ठेवू ना तुझी वही?

मुलगी : नको सर.

प्रमुख : अगं, आता शून्य नाही, काही नाही. सगळ्यात वर ठेवतो तुझी वही.

मुलगी : नवी लिहून देते. साडेपाचच्या आत देते. मांजरापेक्षा चांगली लिहीन. ही नको.

प्रमुख : पण का?

मुलगी : पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. म्हणून मी लाज वाटते असं लिहिलं. कमिटीतली माणसंही अशाच कुठल्यातरी इमारतीत जात असतील. लिफ्टने.

बाई : आणि तुझे बाबा त्यांच्याकडे बघून बटण दाबत असतील.

मुलगी : हो.

बाई : दे ती नवी वही इकडे. तू काही लिहायचं नाहीस.

प्रमुख : मग टेबलावर काय ठेवू मी? चार वह्या आणि एक रिकामी जागा?

बाई : एक कागद दे. कोरा. आणि तुझं पेन.

प्रमुख : काय लिहिताय?

बाई : 'एकशे बारा क्रमांकाच्या विद्यार्थिनीची वही तिच्या शिक्षिकेने सत्रभर वाचली नव्हती. आज वाचली. ही वही दुसऱ्या कुणी वाचणार नाही असा शब्द शिक्षिकेने दिला होता, म्हणून ती इथे ठेवलेली नाही. चूक शिक्षिकेची आहे.' खाली सही, तारीख. ठेव पाचव्या जागेवर.

प्रमुख : केंद्र गेलं समजा.

बाई : जाऊ दे.

प्रमुख : तुमच्या निरोपाच्या सभेत लोक हीच गोष्ट सांगतील. सगळं आयुष्य घातलंत तुम्ही इथे.

बाई : सगळं नाही घातलं. दोन वर्षं काढून घेतली होती. मी दमलेय रे. खूप दमलेय. आणि दमलेय असं म्हणायची लाज वाटली, म्हणून शिक्के मारत राहिले. हे मला दोन वर्षांपूर्वी तुझ्यापाशी येऊन बोलता आलं असतं, तर बरं झालं असतं.

प्रमुख : मलाही विचारता आलं असतं.

बाई : हो. आलं असतं.

प्रमुख : उद्या मी तुमच्या शेजारी बसेन. कागद त्यांच्या हातात मीच देतो.

बाई : नको सांभाळून घेऊस.

प्रमुख : सांभाळून नाही. शिक्के मी करून आणलेत, तेही सांगावं लागेल ना. शिक्क्यांच्या बिलावर सही करताना हात थांबला असता तर बरं होतं. मांजराची वही ठेवू की तीही काढू?

बाई : ठेव. छान लिहिलीय म्हणालास ना. आणि तो शिक्क्यांचा डबा घेऊन जा. शाईची बाटलीही.

प्रमुख : प्रश्न तुमचेच आहेत बाई.

बाई : म्हणूनच ने.

(प्रमुख वह्या, कागद आणि डबा घेऊन जातात. त्यांनी ओढून घेतलेलं दार नीट लागत नाही, थोडं उघडंच राहतं.)

मुलगी : सर रागावले का?

बाई : नाही. तो असाच जातो. लहानपणापासून. म्हणजे तुझ्या वयाचा होता तेव्हापासून.

मुलगी : मी जाऊ?

बाई : घाई आहे?

मुलगी : नाही. बस सहाची आहे.

बाई : तुझे मार्क बदलायला हवेत. गुणपत्रक अजून माझ्याच हातात आहे. सात नाही, दहा.

मुलगी : सातच राहू द्या मॅडम.

बाई : का गं?

मुलगी : आता दहा दिलेत तर ते तुम्हाला वाईट वाटल्याचे होतील. सात निदान कव्हर नसल्याचे आहेत.

बाई : हे तुला कसं कळलं? कव्हरचं?

मुलगी : सगळ्या वर्गाला माहीत आहे.

बाई : सगळ्या वर्गाला?

मुलगी : परीक्षेच्या आधी दुकानातली कव्हरं संपतात. तुम्ही हसताय, की...

बाई : मलाही नक्की कळत नाहीये. आणि तू का नाही घातलंस कव्हर?

मुलगी : तुम्ही वाचून द्यावेत असं वाटत होतं. जे काय द्याल ते.

बाई : चौदावं पान राहिलंय माझं. वाचू? मोठ्याने नाही वाचत.

मुलगी : तुमच्याच वाटणीचं आहे. वाचा.

बाई : सगळं तेच आहे. लिफ्ट, नऊ मजले, स्टूल, बटणं. आणि शेवटी एवढंच. 'काल मी बाबांना विचारलं.' बस?

मुलगी : पान संपलं होतं.

बाई : आणि खाली माझा शिक्का. 'नेमकं काय दिसलं?'

मुलगी : तो बरा बसला. योगायोगाने.

बाई : पेन्सिल आहे का गं तुझ्याकडे?

मुलगी : ही घ्या. टोक मोडलंय थोडं.

बाई : चालेल.

मुलगी : काय लिहिताय?

बाई : लिहीत नाहीये. नुसतीच धरून बसलेय. पूर्वी हे पटकन व्हायचं. पान वाचून झालं की प्रश्न आपोआप हाताशी यायचा. आता काही सुचत नाहीये. म्हणजे एक आहे, पण तो इतका साधा आहे, की वहीत लिहायची लाज वाटतेय.

मुलगी : विचारा ना मग. लिहू नका.

बाई : मग? काय म्हणाले बाबा?

मुलगी : बरंच काही म्हणाले. बसू का मॅडम?